पोप, हुकूमशहा आणि दोन विसर्जित पक्ष

माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एक जुने कृष्णधवल छायाचित्र अधूनमधून फिरत येते. लांब टेबलाभोवती काही धर्मगुरू आणि काही राजकीय गृहस्थ बसलेले आहेत, समोर कागद पसरलेले आहेत, आणि खाली कोणीतरी लिहिलेले असते, ‘हिटलरशी करार करताना पोप’. मग वाद पेटतो. एका बाजूच्या मते चर्च आणि फॅसिझम हे एकाच माळेचे मणी असतात, तर दुसरी बाजू मठांमध्ये लपवलेल्या ज्यूंचे आणि छळछावण्यांत मेलेल्या धर्मगुरूंचे दाखले देते. त्या छायाचित्रात पोपही नाहीत आणि हिटलरही नाही. ते २० जुलै १९३३ रोजी व्हॅटिकनमध्ये काढलेले आहे. मध्यभागी बसलेले कार्डिनल युजेनिओ पाचेल्ली हे तेव्हा व्हॅटिकनचे परराष्ट्र व्यवहार पाहणारे सचिव होते (ते पुढे १९३९ मध्ये पायस बारावे या नावाने पोप झाले), आणि जर्मनीच्या वतीने आलेले गृहस्थ म्हणजे हिटलरचे उपचान्सेलर फ्रान्झ फॉन पापेन, जे स्वतः कॅथलिक होते.

टेबलाच्या एका टोकाला आणखी एक धर्मगुरू बसलेला आहे, आणि त्याच्याविषयी गटावर कोणीच विचारत नाही. तो म्हणजे लुडविग कास. जर्मनीतील कॅथलिकांच्या ‘झेंट्रम’ या पक्षाचे अध्यक्षपद त्याने १९२८ पासून सांभाळले होते, आणि छायाचित्र काढले गेले त्याच्या पंधरा दिवस आधी, ५ जुलै रोजी, तो पक्ष स्वतःहून विसर्जित झालेला होता. इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि या विषयाकडे पाहण्याची माझी रीत या टोकाला बसलेल्या माणसापासून सुरू होते. चर्चने फॅसिझमला पाठिंबा दिला की विरोध केला, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही, कारण त्याची दोन्ही उत्तरे पुराव्यानिशी देता येतात. चर्चने हुकूमशहांशी करार करताना काय मिळवले आणि त्या बदल्यात काय सोडून दिले, हे पाहिले तर चित्र बरेच स्पष्ट होते. इटलीत आणि जर्मनीत तिने सोडून दिले ते स्वतःच्या अनुयायांचे राजकीय पक्ष, म्हणजे हुकूमशाहीसमोर उभे राहू शकणाऱ्या मोजक्या संघटनांपैकी दोन.

करार करण्याची ही ओढ कोठून आली, हे समजण्यासाठी १८७० पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी २० सप्टेंबरला इटलीच्या सैन्याने रोम जिंकले आणि पोपचे शतकानुशतकांचे राज्य संपले. पुढील जवळजवळ साठ वर्षे पोप व्हॅटिकनबाहेर पडले नाहीत, इटलीच्या राज्याला त्यांनी मान्यता दिली नाही, आणि दीर्घकाळ कॅथलिकांनी राष्ट्रीय निवडणुकांत मतदान करू नये असाही आदेश होता. त्याच सुमारास जर्मनीत बिस्मार्कने चर्चविरुद्ध मोहीम उघडून बिशपांना तुरुंगात टाकले, जेझुइट या संघाच्या धर्मगुरूंना देशाबाहेर घालवले. फ्रान्सने १९०५ मध्ये चर्च आणि शासन वेगळे केले. विसाव्या शतकात रशिया, मेक्सिको आणि नंतर स्पेन येथे धर्मगुरूंवर जे गुदरले ते पाहता, संसदीय लोकशाही आपले रक्षण करील असा विश्वास व्हॅटिकनमध्ये उरला नव्हता. निवडून आलेली सरकारे आज येतात, उद्या जातात; आपल्या शाळा, आपले विवाहविधी, आपली मालमत्ता आणि बिशप नेमण्याचा आपला अधिकार यांना आंतरराष्ट्रीय कराराचे कायमस्वरूपी संरक्षण हवे, असा तो विचार होता. अशा करारांना कॉन्कॉर्डॅट म्हणतात. विरोधकांची पर्वा न करता असा करार एका सहीत देऊ शकणारा माणूस म्हणजे अर्थातच हुकूमशहा.

आता इटलीकडे येऊ, कारण पुढे जे घडले त्याचा साचा तेथे तयार झाला. लुइजी स्तुर्झो हा सिसिलीतील काल्ताजिरोने या गावचा धर्मगुरू. गावच्या नगरपालिकेचा कारभार त्याने अनेक वर्षे पाहिला होता, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या होत्या, आणि जानेवारी १९१९ मध्ये त्याने ‘इटालियन पीपल्स पार्टी’ची स्थापना केली. हा पक्ष कॅथलिकांचा असला तरी व्हॅटिकनच्या हुकमतीखाली नसेल, असे त्याने पहिल्याच दिवसापासून सांगितले होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमधील निवडणुकीत ५०८ पैकी १०० जागा या नव्या पक्षाला मिळाल्या. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला तेव्हा पक्षाचे काही जण त्याच्या मंत्रिमंडळात गेले, पण एप्रिल १९२३ पर्यंत ते बाहेर पडले, आणि स्तुर्झोने उघड विरोधाची भूमिका घेतली. त्या वेळी संसदेसमोर नवा निवडणूक कायदा होता: सर्वाधिक मते मिळवणाऱ्या यादीला, ती मते पंचवीस टक्क्यांहून अधिक असली की, दोन-तृतीयांश जागा मिळणार होत्या. स्तुर्झोच्या पक्षाची मते या कायद्याच्या मार्गातला मोठा अडथळा होती.

तो अडथळा संसदेबाहेर दूर केला गेला. फॅसिस्टांनी धर्मगुरूंवर आणि कॅथलिक संस्थांवर हल्ल्यांच्या धमक्या दिल्या, व्हॅटिकनमधून स्तुर्झोला सूचना गेली, आणि जुलै १९२३ मध्ये त्याने पक्षाचे सचिवपद सोडले. पुढच्याच महिन्यात अर्जेंता येथील धर्मगुरू जोव्हान्नी मिंझोनी याला फॅसिस्टांनी मारहाण करून ठार मारले. जून १९२४ मध्ये समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती याचा खून झाला. मुसोलिनीची सत्ता डळमळली असे ज्या क्षणाबद्दल म्हणता येते तो हा क्षण होता, आणि त्याला हटवायचे तर समाजवादी आणि कॅथलिक यांनी एकत्र येणे हाच मार्ग होता. सप्टेंबरमध्ये पोप पायस अकरावे यांनी कॅथलिक विद्यार्थ्यांसमोर बोलताना समाजवाद्यांशी अशा सहकार्याला स्पष्ट विरोध केला. ऑक्टोबरमध्ये स्तुर्झो लंडनला निघून गेला आणि १९४६ पर्यंत मायदेशी परतला नाही. १९२६ मध्ये त्याचा पक्ष इतर पक्षांबरोबर कायद्याने बरखास्त झाला, तेव्हा त्यात जीव फारसा उरलेला नव्हता.

स्तुर्झोविषयी वाचताना मराठवाड्यातल्या माणसाला स्वामी रामानंद तीर्थ आठवणे अपरिहार्य आहे. ज्या विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका मी वर्षानुवर्षे तपासल्या त्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. भगव्या वस्त्रांतला एक संन्यासी हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेतृत्व करतो, निजामाने १९३८ मध्ये त्या संघटनेवर बंदी घातल्यावर तुरुंगात जातो, सुटतो, पुन्हा तुरुंगात जातो आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत मागे हटत नाही, हा आपल्या मुक्तिसंग्रामाचा भाग आपल्याला इतका परिचित आहे की त्यामागची एक गोष्ट आपल्या लक्षातही येत नाही. स्वामीजींच्या वर कोणी नव्हते. संन्याशाला ‘अध्यक्षपद सोड’ असा आदेश देऊ शकेल असे धर्मपीठ निजामाला सापडले नसते, आणि त्याच्याशी करार करून स्वामीजींना बाजूला काढण्याची सोयही त्याला नव्हती. स्तुर्झो मात्र धर्मगुरू म्हणून आज्ञापालनाच्या वचनाने बांधलेला होता, आणि त्याच्या वरच्या संस्थेकडे गमावण्यासारखे बरेच काही होते. आपल्याकडेही निजामाच्या राज्यात ज्या देवस्थानांना, मठांना आणि दर्ग्यांना इनामी जमिनी होत्या, त्या संस्थांकडून कोणी सत्याग्रहाचे नेतृत्व अपेक्षिले नव्हते. संस्थेला जमीन असते, शाळा असतात, पुढच्या वर्षाची चिंता असते. संन्याशाला यातले काहीच नसते. कॅथलिक चर्चची शक्ती आणि तिची अडचण ही दोन्ही याच रचनेतून आली, असे मला वाटते.

स्तुर्झो बाजूला झाल्यावर तीन वर्षांच्या गुप्त वाटाघाटी झाल्या आणि ११ फेब्रुवारी १९२९ रोजी पोपच्या वतीने कार्डिनल गास्पार्री आणि इटलीच्या वतीने मुसोलिनी यांनी लॅटरन करारांवर सह्या केल्या. ४४ हेक्टरांचे स्वतंत्र व्हॅटिकन राज्य अस्तित्वात आले, १८७० च्या नुकसानीपोटी ७५ कोटी लिरा रोख आणि १०० कोटी लिरांचे सरकारी रोखे मिळाले, कॅथलिक धर्म हा राज्याचा एकमेव धर्म ठरला, चर्चमधील विवाहाला कायदेशीर मान्यता मिळाली आणि माध्यमिक शाळांत धर्मशिक्षण सुरू झाले. साठ वर्षे अडून बसलेला प्रश्न सुटला म्हणून पोपना आनंद होणे स्वाभाविक होते, आणि दोनच दिवसांनी त्यांनी मुसोलिनीचा उल्लेख दैवी योजनेने आपल्यासमोर आणलेला माणूस अशा आशयाने केला. मुसोलिनीने त्याचा पुरेपूर वापर केला. मार्चमध्ये झालेल्या एकतर्फी मतदानात कॅथलिकांना ‘होय’ म्हणण्याचे आवाहन ठिकठिकाणच्या धर्मगुरूंनी केले.

या करारातील ४३वे कलम थोडे थांबून वाचण्यासारखे आहे. ‘कॅथलिक ॲक्शन’ ही सामान्य अनुयायांची संघटना सर्व राजकीय पक्षांपासून दूर राहिली तर तिला काम करता येईल, असे ते कलम सांगते. राजकारण तुमचे, आत्मे आमचे, अशी ही वाटणी होती. अडचण एवढीच होती की फॅसिझमला आत्मेही हवे होते. मे १९३१ मध्ये मुसोलिनीने कॅथलिक ॲक्शनच्या तरुण मंडळांवर बंदी घातली, कारण मुलांवरचा हक्क तो कोणाशी वाटून घ्यायला तयार नव्हता. त्यावर पायस अकरावे यांनी जून १९३१ मध्ये जे परिपत्रक काढले त्यात फॅसिस्ट राज्यपूजेला मूर्तिपूजेच्या पंक्तीला बसवले, आणि ते लॅटिनऐवजी इटालियन भाषेत लिहिले, म्हणजे ते कोणासाठी होते याविषयी शंका राहू नये. ते इटलीत दडपले जाईल या भीतीने त्याचा मजकूर आधी देशाबाहेर पोहोचवण्यात आला. भाषा कडक होती, पण सप्टेंबरमध्ये झालेल्या तडजोडीत कॅथलिक ॲक्शनने खेळांचे कार्यक्रम सोडले आणि राजवटीला विरोध केलेल्या पक्षांतील माणसांना नेतृत्वात न घेण्याचे मान्य केले. ही माणसे म्हणजे स्तुर्झोचेच जुने सहकारी होते.

त्यांच्यापैकी एक आल्चीदे दे गास्पेरी. पक्षाचा हा शेवटचा सचिव १९२७ मध्ये तुरुंगात गेला, सुटल्यावर त्याला कोठे नोकरी मिळेना, तेव्हा १९२९ मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात त्याला सूचिकाराचे काम मिळाले. ज्या धर्मपीठाने त्याचा पक्ष मरू दिला त्याच धर्मपीठाने त्याला पोटापाण्याला लावले, आणि डिसेंबर १९४५ मध्ये तो इटलीचा पंतप्रधान झाला. धर्मपीठाला खलनायक ठरवणाऱ्यांना आणि नायक ठरवणाऱ्यांनाही हा तपशील थोडा गैरसोयीचा जातो.

जर्मनीत हाच साचा काही आठवड्यांत वापरला गेला. १९३३ पूर्वी जर्मन बिशपांनी नाझी पक्षाचे सदस्यत्व कॅथलिकांना निषिद्ध ठरवले होते, आणि १९३२ च्या निवडणुकांत कॅथलिक बहुसंख्य जिल्ह्यांत नाझींना प्रोटेस्टंट जिल्ह्यांपेक्षा स्पष्टपणे कमी मते मिळाली होती. नाझींना अडवणारी धरणाची भिंत तेथे खरोखर उभी होती. २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला संसदेविना कायदे करण्याचा अधिकार देणारे विधेयक आले. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा भूमिगत होते, सभागृहाभोवती नाझी पक्षाचे गणवेशधारी स्वयंसेवक उभे होते, आणि विधेयकाला दोन-तृतीयांश मतांची गरज होती. हिटलरने भाषणात चर्चच्या हक्कांविषयी आश्वासने दिली. माजी चान्सेलर हाइनरिख ब्रुनिंग याच्यासारख्यांनी पक्षाच्या बैठकीत विरोध केला, पण कासच्या नेतृत्वाखाली झेंट्रमने बाजूने मत दिले. विरोधात फक्त सोशल डेमोक्रॅट पक्षाची ९४ मते पडली, बाजूने ४४४. झेंट्रमच्या ७३ जागा आणि बव्हेरियातील तिच्या भगिनी पक्षाच्या १९ जागा विरोधात गेल्या असत्या तर दोन-तृतीयांशाचा आकडा गाठणे अवघड झाले असते. अर्थात त्या दिवशी सभागृहात बंदुकीच्या धाकाखाली बसलेल्यांविषयी आज पंख्याखाली बसून बोलणे सोपे आहे, हे मला कळते.

पाच दिवसांनी बिशपांनी नाझी पक्षाविषयीचे निर्बंध मागे घेतले. कास एप्रिलमध्ये रोमला गेला आणि कराराचा मसुदा करण्यात गुंतला; तो जर्मनीत पुन्हा परतला नाही. (पुढे व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स चर्चखालील उत्खननाची देखरेख त्याच्याकडे आली.) करारातील ३२वे कलम धर्मगुरूंना कोणत्याही राजकीय पक्षात काम करण्यास मनाई करते, आणि हिटलरला सर्वाधिक हवे होते ते हेच कलम. बदल्यात शाळा, संघटना, धर्मोपदेश यांची हमी मिळाली. ती हमी किती दिवस टिकली? सक्तीच्या नसबंदीचा कायदा मंत्रिमंडळाने १४ जुलैला, म्हणजे करारावर सह्या होण्याच्या सहा दिवस आधी, मंजूर केला होता, पण तो जाहीर सह्यांनंतर केला गेला. ३० जून १९३४ रोजी बर्लिनमधील कॅथलिक ॲक्शनचा प्रमुख एरिख क्लाउझनर याला त्याच्या कार्यालयातच गोळ्या घालण्यात आल्या. शाळा आणि वृत्तपत्रे एकेक करून गेली. व्हॅटिकनने कराराचा भंग झाल्याच्या निषेधाच्या टिपणी पाठवल्या, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना उत्तरही आले नाही.

येथे पाचेल्लीच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो मी हलक्याने घेत नाही. करार नसता तर निषेध करायला कायदेशीर आधारही नसता, असे तो म्हणतो. १९३७ चे प्रसिद्ध परिपत्रक कराराच्या भंगापासूनच सुरू होते हे खरे आहे. जर्मन भाषेत लिहिलेले, गुप्तपणे देशात आणलेले, वेगवेगळ्या छापखान्यांत छापलेले ते परिपत्रक २१ मार्च १९३७ च्या रविवारी देशभरातील व्यासपीठांवरून वाचले गेले, आणि वंश किंवा राज्य यांना देवत्व देणाऱ्यांवर त्यात थेट टीका होती. हिटलरचे नाव त्यात नव्हते, ज्यूंच्या छळाचा स्वतंत्र उल्लेखही नव्हता, तरी नाझींनी छापखाने जप्त केले. याच आठवड्यात, १९ मार्चला, कम्युनिझमचा निषेध करणारे दुसरे परिपत्रकही निघाले. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की दिसते ते असे की कम्युनिझमशी कोणताही सहकार्याचा मार्ग बंद केला आहे, आणि नाझी राज्याशी शांततेचा मार्ग मात्र अजून उघडा ठेवला आहे.

ज्या ठिकाणी चर्चने कराराच्या कलमांपलीकडे जाऊन बोलण्याचे धाडस केले, तेथे परिणाम दिसला. म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ रोजी व्यासपीठावरून मनोरुग्णांच्या आणि अपंगांच्या हत्येचा उघड निषेध केला. तोवर ७०,००० हून अधिक रुग्ण मारले गेले होते. प्रवचनाच्या प्रती हातोहात देशभर पसरल्या. २४ ऑगस्टला हिटलरने विषारी वायूने मारण्याची ती मोहीम थांबवण्याचा आदेश दिला. इंजेक्शनने आणि उपासमारीने मारणे नंतरही चालू राहिले, पण एका बिशपच्या शब्दाला राजवट घाबरली हे सिद्ध झाले. त्याच गालेनने ज्यूंच्या हद्दपारीविरुद्ध असे प्रवचन दिले नाही. बर्लिनचे धर्मगुरू बेर्नहार्ड लिख्टेनबेर्ग मात्र दररोज संध्याकाळी ज्यूंसाठी जाहीर प्रार्थना करीत राहिले. त्यांना १९४१ मध्ये अटक झाली आणि १९४३ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत नेले जात असताना ते मरण पावले. ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या गावचा शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर याने हिटलरच्या सैन्यात लढण्यास नकार दिला, तेव्हा त्याच्या बिशपांनी त्याला कुटुंबाचा विचार करण्याचा सल्ला दिला. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २००७ मध्ये चर्चने त्याला ‘धन्य’ घोषित केले, पण १९४३ मध्ये त्याच्यामागे उभे राहील अशी संघटना कॅथलिकांकडे उरलेली नव्हती.

ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि क्रोएशिया यांची प्रकरणे वेगळी आहेत, कारण तेथे करारापेक्षा नाते जवळचे होते. हुकूमशहा बनलेला चान्सेलर एंगलबर्ट डोलफुस याने १९३४ मध्ये ऑस्ट्रियाला जे संविधान दिले ते सर्वशक्तिमान देवाच्या नावाने सुरू होत होते आणि पोपच्या सामाजिक शिकवणीवर आधारल्याचा दावा करीत होते. त्या वर्षीच नाझींनी त्याचा खून केला. १९३८ मध्ये हिटलरने व्हिएन्ना घेतल्यावर कार्डिनल इनिट्झर यांनी स्वागताच्या निवेदनावर सही केली, व्हॅटिकनने त्यांना बोलावून घेऊन ती दुरुस्त करायला लावली, आणि ऑक्टोबरमध्ये हिटलर युथच्या पोरांनी त्यांचा वाडा फोडला. स्लोव्हाकियाचा राष्ट्राध्यक्ष योझेफ तिसो तर स्वतः धर्मगुरू होता. १९४२ मध्ये त्याच्या राज्यातून सुमारे ५८,००० ज्यूंना हद्दपार करण्यात आले. व्हॅटिकनचे अधिकारी आपसांत अशी खंत करीत होते की हिटलर आपल्या हातात नाही हे जग समजून घेईल, पण एक धर्मगुरूही आपल्या हातात नाही हे कोण मानील? क्रोएशियात उस्ताशा या सत्ताधारी फॅसिस्ट संघटनेने सर्ब, ज्यू आणि रोमा (जिप्सी) लोकांची कत्तल आणि ऑर्थोडॉक्स सर्बांची सक्तीची धर्मांतरे चालवली. यासेनोवात्सच्या छळछावणीत एक फ्रान्सिस्कन धर्मगुरू अधिकारी होता, त्याला त्याच्या संघाने काढून टाकले होते.

पायस बारावे यांच्या मौनाविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण त्या एका माणसावर इतके लिहिले गेले आहे की बाकीचा विषय त्याखाली दबतो. १९४२ च्या नाताळ संदेशात त्यांनी केवळ राष्ट्र किंवा वंश यांमुळे मृत्यूच्या खाईत ढकलल्या गेलेल्या लाखो निरपराधांचा उल्लेख केला, कोणाचे नाव घेतले नाही. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी रोममधील हजारांहून अधिक ज्यूंना पोपच्या खिडक्यांपासून काही अंतरावर पकडण्यात आले. जाहीर निषेध झाला नाही, आणि त्याच वेळी रोममधील मठांनी हजारो ज्यूंना आसरा दिला. मार्च २०२० मध्ये व्हॅटिकनने त्या काळातील कागदपत्रे अभ्यासकांसाठी उघडली, काम चालू आहे. मला त्यापेक्षा त्यांच्या आधीच्या पोपांचा शेवट अधिक बोलका वाटतो. इटलीने १९३८ मध्ये वांशिक कायदे केले तेव्हा व्हॅटिकनची अधिकृत हरकत मुख्यतः लॅटरन करारातील विवाहाच्या कलमाला धक्का लागतो अशी होती. वृद्ध पायस अकरावे मात्र बेल्जियन यात्रेकरूंसमोर म्हणाले की आध्यात्मिक दृष्टीने आपण सर्व सेमाइट, म्हणजे ज्यूंच्याच वंशाचे, आहोत. करारांच्या दहाव्या वर्धापनदिनी, ११ फेब्रुवारी १९३९ रोजी, इटलीतील बिशपांसमोर करावयाचे भाषण त्यांनी लिहून ठेवले होते. १० फेब्रुवारीला पहाटे त्यांचे निधन झाले. छापलेल्या प्रती पाचेल्ली यांच्या सूचनेवरून नष्ट करण्यात आल्या.

पोर्तुगालचा विषय आपल्याला जवळचा आहे. तेथील हुकूमशहा अँतोनियो सालाझार हा मूळचा कोइंब्राचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. लिस्बनचे कार्डिनल सेरेजेइरा हे त्याचे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र. त्याला काटेकोरपणे फॅसिस्ट म्हणावे का, यावर इतिहासकार भांडतात, पण पोलीस, सेन्सॉर आणि एकच पक्ष या बाबतींत गोव्यातल्या माणसाला फरक जाणवला नसता. मे १९४० मध्ये व्हॅटिकनने सालाझारशी कॉन्कॉर्डॅट केला आणि त्याबरोबर वसाहतींतील मिशनकार्याविषयी वेगळा करार केला, ज्यामुळे वसाहतींत चर्च आणि राज्य एकमेकांत पक्के गुंतले. १९५५ मध्ये महाराष्ट्रभरातून सत्याग्रही गोव्याच्या सीमेवर गेले, १५ ऑगस्टला त्यांच्यावर गोळीबार झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये नेहरू रोममध्ये पोप पायस बारावे यांना भेटले आणि भेटीनंतर म्हणाले की गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोपना मान्य आहे. कॅथलिक गोवेकरांतूनच त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांच्यासारखे मुक्तिलढ्याचे नेते आले होते. सालाझारचा खरा संताप झाला तो १९६४ मध्ये, जेव्हा पोप पॉल सहावे मुंबईला आले. गोवा गिळणाऱ्या देशाला पोपनी भेट द्यावी, हा पोर्तुगालचा अपमान आहे, असे लिस्बनने जाहीर केले. तोवर पोर्तोचे बिशप अँतोनियो फेरेइरा गोमेस हे सालाझारला कामगारांच्या दैन्याविषयी पत्र लिहिल्याबद्दल देशाबाहेर काढले गेले होते, ते दहा वर्षे परतले नाहीत.

स्पेनमध्ये चर्चची बाजू समजून घेणे सर्वांत सोपे आहे. जुलै १९३६ मध्ये गृहयुद्ध पेटल्यानंतर प्रजासत्ताकाच्या प्रदेशात ६,८०० हून अधिक धर्मगुरू, मठवासी आणि जोगिणी मारल्या गेल्या, त्यांत बारा बिशप होते. जुलै १९३७ मध्ये कार्डिनल गोमा यांनी लिहिलेले बिशपांचे सामूहिक पत्र निघाले, त्यात प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोच्या बाजूचे समर्थन होते. तारागोनाचे कार्डिनल विदाल इ बार्राकेर आणि व्हितोरियाचे बिशप मुगिका यांनी त्यावर सही केली नाही. विदाल यांना फ्रँकोने परत येऊ दिले नाही, ते १९४३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारले. फ्रँकोच्या सैन्याने बास्क प्रदेशातील धर्मगुरूंना गोळ्या घातल्या, त्याविषयी सामूहिक पत्र गप्प होते.

ऑगस्ट १९५३ च्या कॉन्कॉर्डॅटने स्पेनच्या चर्चला जवळजवळ सर्व काही दिले आणि बिशप निवडण्यात फ्रँकोचा हात कायम ठेवला. त्यात एक सवलत अशी होती की धर्मगुरूला शिक्षा झालीच तर ती सामान्य कैद्यांपासून वेगळ्या जागी भोगता येईल. १९६० च्या दशकात, चर्चमध्ये सुधारणा घडवणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, तरुण धर्मगुरू कामगारांच्या आणि बास्क लोकांच्या हक्कांसाठी उभे राहू लागले, तेव्हा फ्रँकोच्या सरकारने हेच कलम बाहेर काढले आणि १९६८ मध्ये सामोरा येथे खास धर्मगुरूंसाठी तुरुंग उघडला. सवलतीचेच कुलूप झाले. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेथील कैदी धर्मगुरूंनी आम्हाला इतर राजकीय कैद्यांबरोबर ठेवा अशी मागणी करीत तुरुंगातील वेदी पेटवून दिली. १९७१ मध्ये माद्रिदला भरलेल्या बिशप आणि धर्मगुरूंच्या सभेत, युद्धाच्या काळात आपण समेटाचे काम केले नाही याबद्दल क्षमा मागणारा ठराव मांडला गेला, त्याला बहुमत मिळाले, आवश्यक दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत. त्या सभेमागे असलेल्या कार्डिनल तारांकोन यांना फॅसिस्ट तरुण गोळ्या घालण्यासाठी भिंतीशी उभे करण्याच्या घोषणा रस्त्यावर देत होते.

फ्रँको नोव्हेंबर १९७५ मध्ये मेला. जुलै १९७६ मध्ये राजा हुआन कार्लोस याने बिशप नेमणुकीतील आपला अधिकार सोडला, आणि त्याच करारात चर्चने धर्मगुरूंसाठीची न्यायालयीन सवलत सोडली. जर्मनीशी १९३३ मध्ये झालेला करार मात्र आजही लागू आहे. कार्ल्सरूहे येथील जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १९५७ मध्ये तो वैध ठरवला.